आमची मोटार फोन उचलते

माझा फोन मेहुणा उचलत नाही. कापसाचा व्यापारी माल गाडीत भरला की उचलत नाही. पुण्यातला मुलगा ‘मीटिंगमध्ये आहे’ एवढा मेसेज टाकतो. विहिरीवरची पाच एचपीची मोटार मात्र पहिल्या रिंगला उचलते. आणि बोलते काय! “मोटार बंद आहे. तिन्ही फेज उपलब्ध आहेत. चालू करण्यासाठी एक दाबा.” बाईचा आवाज, मराठी स्वच्छ आणि स्वरात एवढं आर्जव की मी सवयीनं आधी “हो ताई” म्हणतो आणि मग एक दाबतो. त्यावर आमच्या घरातून शेरा आला, “पस्तीस वर्षांत माझ्याशी कधी एवढं लवून बोलला नाहीत.”

शेतीची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीची पाळी म्हणजे बारा वाजता बॅटरी घेऊन, विंचूकाट्याला जपत विहीर गाठायची, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, परत येऊन गोधडीत पाय घातले की फेज जायची. हा व्यायाम ज्यानं केलाय त्याला मोबाईल स्टार्टरची किंमत कळते. आता गोधडीतूनच मोटार चालू होते. अडचण एवढीच की स्टार्टरमध्ये सिम असतं आणि सिम आलं की रिचार्ज आलं. परवा मोटार बोलेना म्हणून पुतण्यानं तिचं सिम काढून फोनात घातलं, तर आत मेसेजांचा ढीग. ‘प्रिय ग्राहक, आपणास पाच लाखांचं कर्ज मंजूर झालं आहे.’ सिबिल खराब म्हणून माझी पीककर्जाची फाईल दोनदा परत आलेली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या मोटारीला पाच लाख मंजूर! मी पुतण्याला विचारलं, “तिच्या नावावर काढता येईल का?” तो म्हणाला, “काका, केवायसीला फोटो लागतो.”

तसं चितेगावला यंत्राचं अप्रूप नाही. व्हिडिओकॉनच्या नोंदणीकृत पत्त्यात ‘१४ किमी स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव’ असं छापलेलं असायचं. देशभर जिचे रंगीत टीव्ही गेले त्या कंपनीचा पत्ता पैठण तालुक्यातल्या आमच्या गावाचा होता. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण तोवर गावात एक पिढी तयार झाली होती. या पिढीपुढं कोणतंही यंत्र ठेवा, ती आधी मागचं झाकण उघडून बघते, “सोल्डर कच्चं आहे” म्हणते आणि वरून एक थाप मारते. बिघाड टीव्हीचा असो, मोटारीचा असो की पाहुण्याचा, उपचार एकच.

तर अशा गावात बारामतीची बातमी आली. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली होती. जमिनीत सेन्सर, डोक्यावर उपग्रह, मधे हवामान केंद्र आणि शेतकऱ्याच्या हातात फोन. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द सत्या नाडेलांनी त्याचा व्हिडिओ जगाला दाखवला आणि त्याखाली इलॉन मस्कनं एआय सगळंच सुधारील अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. पारावर ते वाचून दाखवलं तेव्हा तात्यांनी विचारलं, “सगळंच?”

“सगळंच म्हणतोय.”

“मग त्याला म्हणावं, आधी आमच्या डीपीपासून सुरुवात कर.”

त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, २०२५ ते २०२९ साठी. पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटी. आमच्या पारावर कोणताही सरकारी आकडा आला की त्याला आधी शेतकऱ्यांच्या संख्येनं भागायची पद्धत आहे. कृषी गणनेप्रमाणे राज्यात दीड कोटीच्या वर खातेदार. तात्यांनी काडीनं मातीत भागाकार केला, “माणशी सव्वातीनशे रुपये.” मग थोडा विचार करून, “टॉनिकची अर्धी बाटली.” धोरणाची एवढी थोडक्यात समीक्षा मी अजून कुठल्याही पेपरात वाचलेली नाही.

पुतण्या वाळूजला नोकरीला. त्याला माझ्या पावणेतीन एकरांची माझ्यापेक्षा जास्त काळजी. त्यानं कुठल्याशा कंपनीचा पोरगा गाठून आणला आणि कपाशीच्या मधोमध एक खांब उभा केला. वर वारा मोजायच्या फिरत्या वाट्या, त्याखाली पाऊस मोजायचं नरसाळं, पान ओलं की कोरडं हे सांगणारी पट्टी, सौर प्लेट, आणि जमिनीत दोन खोलींवर गाडलेले ओल मोजणारे दांडे. या सगळ्याला आणखी एक सिम. आता आमच्या घरात माणसांपेक्षा सिम जास्त आहेत.

खांब उभा झाला तशी माणसं बघायला आली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एकानं डब्याला थाप मारली. लगेच फोनात सूचना आली, ‘वाऱ्याचा वेग वाढला आहे, फवारणी टाळा.’ तेव्हापासून म्हैस खांबाला अंग घासायला लागली की आमच्या शिवारात वादळ येतं.

पुढचं काम होतं नकाशा काढायचं. उपग्रहाला आपलं वावर कळावं म्हणून फोन हातात धरून बांधानं एक चक्कर मारायची; आपण चालू तशी पडद्यावर रेघ उमटते. साधं काम. पण आमच्या पूर्वेच्या बांधापलीकडे नाना आहे, माझा सख्खा चुलतभाऊ. या बांधाचा इतिहास आमच्या आजोबांपासूनचा. दरवर्षी नांगरट करताना ते एक तास इकडून घेत, त्यांचे भाऊ एक तास तिकडून घेत आणि बांध बिचारा मधल्यामध्ये बारीक होत गेला. मी फोन घेऊन निघालो तसा नाना आपल्या बाजूनं माझ्याबरोबर चालायला लागला.

“पाय इकडं नको.”

“नाना, इथं बोराटी आहे, काटे आहेत.”

“काटे असू दे. आज पाय आला, उद्या उपग्रह म्हणंल की वावर तुझंच.”

पडद्यावर रेघ पूर्ण झाली आणि क्षेत्र आलं दोन एकर अठ्ठ्याण्णव गुंठे. सातबाऱ्यावर पावणेतीन एकर. (एकराला चाळीसच गुंठे असतात, हे त्या ॲपला कुणी सांगितलं नसावं. दशांश चिन्हानंतरचा आकडा पुतण्यानं ‘गुंठे’ म्हणून मोठ्यानं वाचला आणि पुढचं सगळं त्यातून झालं.) नानानं तिथंच बसकण मारली. पूर्वी बांध कोरायला बैल लागायचे, मग ट्रॅक्टर लागला, आता म्हणे नुसता अंगठा लागतो! त्याच्या मते मी बांध अंतराळातून कोरला होता.

कंपनीचा पोरगा भला. त्यानं नानाला समजावलं की हे फोटो युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचे असतात, ते दर पाच दिवसांनी डोक्यावरून जातात आणि त्यांच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरचा चौकोन. नाना बराच वेळ गप्प राहिला.

“म्हणजे बांध त्याला दिसतच नाही?”

“नाही काका.”

“मग भांडण कसं दिसंल?”

आमचं भांडण दीड फुटाचं. युरोपनं एवढा खर्च करून उपग्रह सोडले आणि आमच्या घराण्याचा मूळ प्रश्नच त्यात मावत नाही.

पण उपग्रहाला बांध दिसत नाही याचा एक फायदा मला दुसऱ्याच दिवशी कळला. माझ्या नकाशात नानाचंही वावर दिसत होतं. पीक जोमात असेल तिथं हिरवं, मध्यम तिथं पिवळं, अडचणीत तिथं लाल. मी सकाळी उठून आधी नानाचं वावर बघू लागलो. त्याच्या कोपऱ्यात पिवळं पडलं की दोन घोट चहा जास्त जायचा. जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनी हे तंत्र पिकाचं आरोग्य पाहण्यासाठी शोधलं असेल. आमच्या गावात त्याचा मुख्य उपयोग शेजाऱ्याचं आरोग्य पाहण्यासाठी होतो. नानाला सुगावा लागला. त्यानं पुतण्याला जेवायला बोलावलं, मटण खाऊ घातलं आणि माझ्याच खर्चाचं ॲप स्वतःच्या फोनात टाकून घेतलं. तेव्हापासून माझ्या जमिनीत ओल कमी झाली की नाना आपली मोटार चालू करतो. जुलै-ऑगस्टात मात्र आम्ही दोघंही आंधळे. ढगांच्या आड उपग्रहाला काही दिसत नाही, आणि कपाशीच्या मागं रोगराई लागते ती नेमकी त्याच दिवसांत. त्या दोन महिन्यांत आम्ही जुन्या पद्धतीनं, म्हणजे बांधावर उभं राहून, एकमेकांच्या वावरात डोकावतो.

मग एक दिवस नोव्हेंबरात, आभाळ लख्ख असताना, दोघांच्या फोनात सूचना आली, ‘आपल्या शेतात ११ मिमी पाऊस झाला आहे. पुढील दोन दिवस पाणी देऊ नये.’ झालं होतं असं की गड्यानं फवारणीचा पंप धुताना धार उंच उडवली आणि ती बरोबर नरसाळ्यात पडली. मला हे संध्याकाळी कळलं. नाना दुपारीच आला होता.

“तुझ्याकडं पडला म्हणं.”

“अकरा मिमी दाखवतंय.”

त्यानं वर पाहिलं, आपल्या वावराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “आमच्याकडं थेंब नाही. उपग्रहाला दिसत नाही बांध, पण देवाला बरोबर दिसतो.”

पारावर यावरून बराच काथ्याकूट झाला. तात्यांचं मत पडलं की पाऊस वावरात पडून उपयोगच नाही, तो महसूल मंडळाच्या यंत्रात पडला पाहिजे. खरंच आहे. चोवीस तासांत मंडळाच्या स्वयंचलित केंद्रात ६५ मिमीच्या वर पाणी पडलं तर ती अतिवृष्टी. तुमचं वावर वाहून गेलं आणि मंडळाच्या यंत्रावर रिमझिम झाली तर सरकारदरबारी तो आल्हाददायक पाऊस. तेवढ्यात एकजण हळूच मला म्हणाला, “तुमच्या गड्याला मंडळाच्या यंत्राजवळ पंप धुवायला पाठवता येईल का?” मी त्याचं नाव इथं लिहीत नाही.

हवामानाच्या अंदाजाबाबत मात्र आमच्याकडे स्पर्धा मोठी आहे. तात्यांकडे पंचांग आहे आणि त्यात प्रत्येक नक्षत्राचं वाहन. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर. कोल्हा, मेंढा आले की नुसती हूल. शिवाय अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घट मांडतात, त्याचं भाकीत पेपरात येतं. २०२५ च्या खरिपाआधी यात नवा गडी उतरला. केंद्र सरकारनं १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एआयनं काढलेला मोसमी पावसाचा अंदाज एसएमएसवर पाठवला. त्यामागं गूगलचं न्यूरल-जीसीएम आणि युरोपच्या हवामान केंद्राचं मॉडेल होतं. पाऊस कुठं मधेच अडकून बसेल हेही त्यानं आधी हेरलं होतं. त्या साली मान्सून केरळात २४ मे रोजी पोचला, २६ तारखेला मुंबईत आला आणि मग वीसेक दिवस जागचा हलेना.

खांबाच्या ॲपनंही पावसाची शक्यता ६० टक्के दाखवली. मी पारावर सांगितलं.

तात्या म्हणाले, “म्हंजी येणार का नाही?”

“साठ टक्के येणार.”

“पाऊस साठ टक्के येणार, का वावर साठ टक्के भिजणार?”

“तसं नाही तात्या. अशा शंभर दिवसांपैकी साठ दिवस...”

“मला शंभर दिवस कशाला सांगतो? मी उद्याचं विचारतोय. बेडूक म्हटलं की माणसाला कळतं तरी.”

आणि पेरणी शेवटी कुणाच्या सांगण्यावरून झाली? गूगलच्या नाही, बेडकाच्याही नाही. मे महिन्याच्या पावसात नाना सरकीची पिशवी घेऊन वावरात शिरला. त्याला बघून पलीकडचा शिरला. दुपारपर्यंत अख्खं शिवार टोबायला लागलं. नानाला विचारलं, “तुला कुणी सांगितलं?” तो म्हणाला, “रस्त्याकडच्यांनी चालू केलं ना!” रस्त्याकडच्यांना विचारलं तर ते म्हणाले, “नाना पिशवी घेऊन निघालेला दिसला.” हे मॉडेल कुठल्या संगणकावर चालत नाही, पण मराठवाड्यात त्याची पोच शंभर टक्के आहे.

पुढं कपाशी लाल पडायला लागली. फोनातल्या सल्लागाराला पानाचा फोटो दाखवला. त्यानं क्षणात सांगितलं, लाल्या दिसतोय, मॅग्नेशियम सल्फेट फवारा. एवढंच. मी थोडा हिरमुसलो. रोग एवढा मोठा, पान एवढं लाल आणि औषध इतकं स्वस्त? वर सल्ल्याचा पैसाही नाही. असल्या सल्ल्यावर विश्वास बसावा तरी कसा? मी कृषी सेवा केंद्रात शेठकडं गेलो. शेठनी पान हातात घेतलं, उलटं केलं, उजेडात धरलं, सुस्कारा सोडला. रोग्याच्या नातेवाइकाला जे हवं असतं ते सगळं त्या सुस्काऱ्यात होतं. मग त्यांनी तीन बाटल्या काढल्या. एक कीडनाशक, एक बुरशीनाशक आणि एक टॉनिक, त्यावर टोपी फ्री.

मी चाचरत म्हणालो, “शेठ, फोन तर म्हणतो नुसतं मॅग्नेशियम...”

शेठ शांतपणे बिल लिहीत म्हणाले, “फोन उधार देतो का?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. खताची दोन पोती आणि बियाणं आधीच त्यांच्या वहीत होतं, ते दिवाळीनंतर कापूस निघाला की द्यायचं. मी तिन्ही बाटल्या उचलल्या आणि टोपी घालून घरी आलो. चौथी पुडी शेठनी वरून टाकली, “हे पण फवारून बघा.” घरी उघडली तर मॅग्नेशियम सल्फेट.

फवारणीला यंदा ड्रोन आला. बचत गटांना १५ हजार ड्रोन द्यायची नमो ड्रोन दीदी योजना आहे ना, तसल्याच एका गटाची ताई आली होती, जीपमध्ये ड्रोन, बॅटऱ्या आणि दहा लिटरची टाकी घालून. एकर उरकायला तिला आठेक मिनिटं लागतात. पण गावात एकट्यानं फवारणी करायची पद्धत नाही. पारावरची सगळी मंडळी उतरली. ज्यांना स्वतःच्या फोनात फ्लाईट मोड सापडत नाही ते ताईला सूचना देत होते, “थोडं डावीकडं घ्या. उंच घ्या. वारं बघा.” एकानं तर लिंबाखाली बसून दोन्ही हातांनी खुणा करून ड्रोन पार्क करून घेतला. ताईनं एकदाही मान वर केली नाही. काम आठ मिनिटांत झालं, चहा-पोह्यांत अडीच तास गेले. पोह्यांचा खर्च धरला तर पाठीवरचा पंप परवडला असता, असं आमच्या घरातून कळवण्यात आलं.

ताई निघताना नाना तिच्या जीपपाशी घुटमळत होता. मला वाटलं, फवारणीचा दर विचारत असेल. तो विचारत होता, वरून फोटो काढता येतो का, आणि काढला तर त्यात दीड फूट दिसतं का. ताई म्हणाली, “कॅमेऱ्याचा वेगळा ड्रोन असतो काका, त्यात चप्पलसुद्धा दिसते.” नाना उजळला. मी मनातल्या मनात आमच्या बांधालगतची बोराटी आठवली आणि गप्प बसलो.

आता नानानं स्वतःचा खांब घ्यायचं ठरवलंय. माझा डेटा फुकट मिळत असताना कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, “लोक विचारतात, खांब कुणाचा म्हणून.” कंपनीचा पोरगा पाईप घेऊन आला. जागा ठरली ती अर्थात बांधाला अगदी चिकटून. मग नानानं माझ्या खांबाकडं बोट दाखवलं.

“त्याच्यापेक्षा दोन फूट उंच पाहिजे.”

“काका, उंची ठरलेली असते. वर गेलं की वाऱ्याचं रीडिंग जास्त येतं.”

“येऊ दे ना,” नाना म्हणाला. “माझ्या वावरात वारं बी त्याच्यापेक्षा जास्तच पाहिजे.”